माग बंद ठेवायचे दिवस

वडगावात आमच्या गल्लीत कोण बाहेर बसलंय हे कुणाला विचारावं लागत नाही. बाई ज्या मागावर बसते तो माग गप्प झाला की गल्लीला कळतं. पाळीत मागाला शिवायचं नाही, असा आमच्यातला नियम. यंत्रमागवाल्यांनी तो कधीच गुंडाळून ठेवला, कारण त्यांचं बटण कुणीही दाबतं. आमच्या घरात आईचा एक आणि माझा एक असे दोन हातमाग अजून आहेत, आणि आई आहे, म्हणून नियमही आहे.

माझी पाळी मात्र स्वतःच्या मर्जीने यायची. महिनोन्महिने दडी मारून बसायची, आणि आली की हात धुऊन मागे लागायची. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून सांगितलं, पीसीओडी आहे, पुष्कळ मुलींना असतो, घाबरायचं काही नाही, वजन उतरवा, गोळ्या घ्या. हनुवटीवर केस येत होते त्याचंही कारण तेच निघालं. मला तर बरंच वाटलं. निदान त्याला नाव होतं. आईने नावाचीच धास्ती घेतली. "हे कुठं बोलायचं न्हाय," रिक्षात बसायच्या आधीच तिने मला बजावलं.

पण गप्प बसून भागणार कसं? माझा माग अखंड वाजत होता. आमची आणि शेजारच्या काकूंची भिंत एकच. त्यांनी एकदा विचारलंच, "पोरीचा माग लई दिवस झाले बंद पडला न्हाय की गं?" लग्न न झालेल्या पोरीची पाळी चुकली म्हटल्यावर गल्ली त्याचा काय अर्थ लावते ते सांगायला नको. आईने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागावर बसून धोटा हातात घेतला तेव्हा म्हणाली, "ठेव खाली. आजपासनं बाहेर बस."

"मला काय झालंय?"

"काय झालेलं न्हाय, ठाऊक हाय मला. बस म्हटलं न्हवं."

अशी माझी खोटी पाळी सुरू झाली. मधल्या दाराजवळ चटई, वेगळं ताट, देवघराकडे फिरकायचं नाही. खरं सांगू का, मला ते आवडायचं. खरी आली की पोटात असा पिळा पडायचा की उभं राहवत नसे. खोटीत दुखत काही नव्हतं, नुसतं पाय पसरून फोन बघत पडायचं. मधेच एखादी खरी आली तर गुपचूप पॅड लावून मागावर बसायची मी. एका महिन्यात दोनदा माग बंद ठेवला असता तर काकूंना नवीन विषय मिळाला असता.

सुरुवातीला दर महिन्याला आई सांगायची. मग तिने सांगणं सोडलं. मला वाटलं, दर वेळी काय सांगायचं, ठरलंच आहे. मग मीच महिना भरला की चटई टाकायला लागले. ती काही न बोलता ताट सरकवायची. गोळ्या संपल्या त्याही तिने परत आणल्या नाहीत. उष्ण पडतात म्हणून आणल्या नसतील, असं धरून मी चालले. आमच्या घरात या विषयावर याहून जास्त बोलायची पद्धत नव्हती.

दसऱ्यानंतर निपाणीचं स्थळ आलं. मुलाशी आधी फोनवर बोलणं झालं होतं. सरळ बोलायचा, उगाच शहाणपणा करायचा नाही. मला आवडला होता, आणि हे जमावं असं मनापासून वाटत होतं. नेमकी पाहुणे बघायला येणार त्या दिवशी सकाळी खरी आली, पाट फुटल्यासारखी. चटईचे दिवस तर आदल्या आठवड्यातच उरकले होते. आता परत बाहेर बसायचं म्हणजे पाहुण्यांना परत पाठवायचं. मी साडी नेसले, पोहे नेले, देवापुढचा करंडा उचलून मुलाच्या आईला हळदीकुंकू लावलं.

पुरुषमंडळी बाहेरच्या खोलीत होती. आत आम्ही बायकाच. काकू होत्याच, त्यांना बोलवावं लागत नाही. मुलाची आई म्हणाली, "राग धरू नगा, पण आमच्या थोरल्या सुनेला ह्याच्यापायीच लई सोसावं लागलं. पोरीची पाळी वेळेवर येती न्हवं?"

"अगदी घड्याळ लावल्यागत," आई म्हणाली. अडखळलीसुद्धा नाही.

"दर महिन्याला माग बंद असतोय की," काकूंनी जोड दिली. "भिंतीला भिंत हाय आमची."

माझं डोकं फिरलं. उद्या त्या घरात मीच खोटारडी ठरणार होते, आणि आई देवघराच्या दारात बसून खुशाल खोटं बोलत होती. "आजच आलीय," मी म्हणाले. "होळीनंतर आज. मला पीसीओडी आहे. माग बंद असायचा तो गल्लीसाठी."

मुलाच्या आईचा हात कपाळावरच्या कुंकवाकडे गेला आणि तसाच खाली आला. "सांगितलंस ते बरं केलंस," ती म्हणाली. आवाज कडू नव्हता. पण चहा अर्धा ठेवून मंडळी उठली, आणि पुढे निपाणीहून काही निरोप आला नाही. मुलाचा फोनही नाही.

पाहुणे गेल्यावर मी भांडायला कंबर कसून उभी होते. वाक्यं तयार होती. आई खाली बसून बश्या गोळा करत होती.

"होळीनंतर?" तिने विचारलं.

"व्हय."

"मग ते दर महिन्याला बसत होतीस ते?"

"तूच बसवत होतीस न्हवं?"

"ते पयल्यांदा. मग मी काय म्हणायच्या आधीच तू आपली आपण बसाय लागलीस." तिने हातातल्या बश्या खाली ठेवल्या. "मला वाटलं, गोळ्यांनी गुण आला. म्हणून तर देवीला माझ्या मागावरची साडी नेसवली, गेल्या दिवाळीत."

ती साडी मला आठवत होती. कशासाठी, ते मी तिला विचारलं नव्हतं.

"मी त्यास्नी खोटं सांगितलं न्हाय गं," आई म्हणाली.