वरच्या खोलीचा नळ

ताई पहाटे साडेचारला उठायची. हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिची पाळी उजाडतानाच लागायची. इस्त्रीच्या गरम रुळातून निघालेली चादर दोघींनी टोकाला धरायची, झटका द्यायचा, घडी घालायची. झटका कमी पडला की सुरकुती राहते आणि चादर परत येते. ताईची चादर परत आलेली कुणी पाहिली नाही.

दुपारी ती भाजून निघाल्यासारखी घरी यायची. घरचं स्वयंपाकघर म्हणजे दुसरी भट्टी. खिडकीच नव्हती. तिथे एक मोठी खिडकी पाडायची म्हणून ती पगारातून दर महिन्याला थोडं बाजूला टाकत होती. दुसरी हौस तिला नव्हती.

भाऊजी, म्हणजे तिचा नवरा, प्लास्टरचे कारागीर. सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून त्यांनी घरावर एक खोली चढवली. भाड्याने द्यायची, म्हणून तिला दोन खिडक्या, आतून आरशासारखा गिलावा आणि न्हाणीघरात कुठून तरी आणलेला जुना गिझर. वायरही त्यांनीच ओढली. मी ताईचा धाकटा भाऊ, वायरमन, पण तेव्हा बाहेरगावी कामावर होतो. असतो तरी त्यांनी विचारलं नसतं. मी खुसपटं काढतो असं त्यांचं मत.

खाली ताई शेगडीवर पाणी तापवत होती.

"बायको धुरात आणि भाडेकरू राजवाड्यात," ती म्हणायची.

"भाडं घ्यायचं तर खोली तशी नको?" भाऊजी म्हणायचे.

मग वर शिवणकाम करणारी एक बाई आली. नवरा वारलेला, सोबत म्हातारी आई. आवाज हळू, केस नीट, साडीला कधी डाग नाही. भाऊजींना ती 'भाऊ' म्हणायची. ताईचा त्या हाकेवर काडीचा विश्वास नव्हता.

खिडकीची कडी निघाली, भाऊजी वर गेले. ताईने खाली भांडी आपटली. जिन्याची पायरी हलत होती, ती त्यांनी पक्की केली. ताई जिन्याच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सिमेंट लवकर सुकत नाही वाटतं वरच्या मजल्यावर?" तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. त्यानंतर वरून एकही तक्रार आली नाही. ताईला वाटलं, आपण जिंकलो.

एका सुट्टीच्या दिवशी ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. वरचं न्हाणीघर उघडं होतं. तिने डोकावून पाहिलं. नळाच्या मुठीवर सायकलची जुनी ट्यूब कापून गुंडाळली होती. घट्ट, एकसारखी, टोक आत खोचलेलं. भाऊजींनी महिन्याभरापूर्वीच सायकलची ट्यूब बदलली होती. ताईचं डोकं फिरलं. हिचे हात दुखू नयेत म्हणून नळाला गादी! माझ्या नळाला कधी चिंधी तरी बांधली का?

"कुणी बांधलं हे?" ती ओरडली.

शिवणवाली मशीनवरून उठून धावत आली. "मीच बांधलं. ताई, हात लावू नका!"

"तुझ्या नळाला लावते का? नळ माझा आहे."

ताईने ट्यूब ओरबाडून काढली आणि नळ धरला. गिझर चालू, पाय ओल्या फरशीवर, चप्पल दाराबाहेर. हात सुटेना. तोंडातून आवाज निघेना. शिवणवालीने कापड मोजायची लाकडी पट्टी उचलली आणि ताईच्या मनगटावर दाणकन हाणली. हात सुटला, ताई दारात बसकण मारून पडली.

पहिलं वाक्य तिच्या तोंडून आलं ते असं: "मारलंस मला!"

"मारलं. नाहीतर तुम्ही गेल्या असता."

शिवणवालीने मेन स्विच पाडला आणि मग सांगितलं, नळात करंट उतरतो हे तिला ठाऊक होतं. आईला आंघोळ घालताना ती रोज गिझर आधी बंद करायची, रबरी चप्पल घालायची, फळीवर उभी राहायची. तरी कधी विसर पडला तर, म्हणून ट्यूब. ती भंगारात पडली होती, तिथून उचललेली.

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर भाऊ वर आले असते. मग तुम्ही जिन्यात उभ्या राहिल्या असता. खोली सोडून आईला कुठे नेऊ?"

ताई मनगट चोळत खाली आली.

ऐकून भाऊजी हबकले. पण तोंडातून निघालं ते कारागिराचंच. "गिझर काढून टाकतो. काम संपलं."

"आणि भाडं गिझरचं धरून घ्यायचं?" ताई म्हणाली. "उद्या ती म्हातारी चिकटली असती तर? घर आपलं, वायर तुमची. माझ्या भावाला बोलवा."

मी गेलो. अर्थिंगची तार कुठेच नव्हती. गिझरचं आतलं एलिमेंट फुटलेलं, करंट पाण्यातून नळात. खाली ताईच्या स्वयंपाकघरातही तीच वायर. अर्थिंगसाठी मागच्या अंगणात छातीइतका खड्डा खणला, भाऊजींकडूनच खणून घेतला. तांब्याची पट्टी, वर कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा. घरभर नवी वायर, नवा गिझर, करंट गळताच बंद पडणारा स्विच. दोन वेळा तपासल्याशिवाय मी हत्यारं आवरली नाहीत.

शिवणवाली खाली आली आणि भाऊजींना म्हणाली, "भाऊ, उपकार झाले."

"यांचे?" ताई कडाडली. "हे तर मारायलाच निघाले होते! पैसे माझे आहेत. आणि नळ गळला तरी यापुढे मला सांगायचं, यांना नाही. वर मी येणार."

"बरं, ताई."

"आणि ती पट्टी जरा हळू मारायला शीक."

ताईच्या स्वयंपाकघराला खिडकी झाली नाही. तिच्या घामाचा सगळा पैसा अंगणातल्या मातीखाली आणि भिंतींच्या आत गेला, कुणाला न दिसणारा, आणि वरची म्हातारी नळ आता उघड्या हाताने सोडते.