डाव्या गालावरची गाठ

आमचा मामा म्हणजे भित्री भागूबाई. घरात झुरळ निघालं की मामी चप्पल उचलते आणि हा खुर्चीवर चढतो. पण कानस हातात आली की राजा! ब्राँझचा पुतळा ओतून झाला की त्यावर उरलेले फुगे, कंगोरे घासून काढायचे, हे त्याचं एकोणीस वर्षांचं काम.

एका दिवंगत नेत्याचा अर्धपुतळाही त्यानेच घासला. डाव्या गालावर, कानाजवळ, वाटाण्याएवढी गाठ होती. ओतकामातला फुगा समजून मामाने ती सफाचट केली. कारखान्यात टांगलेले फोटो सगळे उजव्या बाजूचे, मग त्याला काय स्वप्न पडलं होतं?

अनावरणाच्या सकाळी पेपरात पानभर फोटो आला. डावी बाजू, आणि गालावर गाठ. मामाचा चहा मांडीवर सांडला, तरी तो हलला नाही. पुतळा तर चौकात चढलेला, वर कापड, भोवती पोलीस. फलकावर नाव चुकलं म्हणून याच नेत्याच्या माणसांनी एका पेंटरचे दोन्ही हात मोडले होते. मामी म्हणाली, आजारी पडा, जाऊ नका. पण न जाणं म्हणजे कबुलीच. मालकाने फोनवर हात झटकले: घासलीस तू, निस्तर तूच.

मीच त्याला घेऊन गेले. वाटेत तो एवढंच म्हणाला, हात गेले तर मी काय करणार गं? मेला तो पुतळा, असं माझ्या मनात आलं.

कापड पडलं, टाळ्या झाल्या. नेत्याची बायको हार घालायला पायऱ्या चढली. हार घालून तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि कानाजवळ तिची बोटं थांबली. थांबलीच. टाळ्या बंद पडल्या. कार्यकर्ते तिच्या तोंडाकडे बघू लागले.

तिने विचारलं, "हे घासलं कोणी?"

मामा पुढे झाला. दोन्ही हात खिशात कोंबलेले. "मी, बाई. फुगा वाटला मला."

ती खाली उतरून त्याच्याजवळ आली. "डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं. साधी गाठ आहे, राहू द्या म्हणाले. त्या गाठीनेच नेलं ह्यांना." मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पुतळा बरोबर आहे."

मामाने हात खिशातून काढले ते थेट घरी आल्यावर. मामीने ते आपल्या हातात धरले आणि चिडायचं विसरून गेली.