थापडेची मधली चित्रं

माझं डोकं फिरलं की वस्तू फुटतात. बेसा भागातल्या आमच्या ऑफिसात त्या आठवड्यात मी दोन माउस भिंतीवर आपटले होते. नवशिक्यांसाठी बनवलेलं आमचं अ‍ॅनिमेशनचं अ‍ॅप एकाही नवशिक्याला जमत नव्हतं. बटणं एवढी की मलाच धडकी भरायची. शेवटी सगळं सोपं करून टाकलं. पहिलं चित्र काढा, शेवटचं काढा, मधली चित्रं अ‍ॅप आपोआप भरेल. स्वतःवर भलताच खूश होतो मी.

तपासायला म्हणून डबा आणणाऱ्या मावशींच्या हातात टॅब दिला. त्यांनी हात उगारलेला पुरुष काढला, समोर बाई. दुसऱ्या चित्रात बाई जमिनीवर, तोंडातून रक्त. त्यांची मुलगी दोन दात पडून माहेरी आली होती, आणि जावई सांगत सुटला होता की नुसता हात लागला. तिला परत धाडायचं का, हे रविवारी दोन्ही घरची माणसं बसून ठरवणार होती. मावशींना तिथे हे दाखवायचं होतं.

मी बटण दाबलं. हात तरंगत खाली आला, गालाला टेकला, बाई झोपायला गेल्यासारखी आडवी झाली.

"असा मारते का गा कोणी?" मावशी ओरडल्या. "हे तं जावयाचंच बोलून राहिलं!"

"मावशी, स्मूद छान दिसतं."

त्यांनी टेबलावर असा पंजा हाणला की डबा उलटला, वरण माझ्या कीबोर्डवर. मी मूठ आवळून ताडकन उठलो. त्या जागच्या हलल्या नाहीत. माझी मलाच लाज वाटली.

बसलो. मधली चित्रं उडवायला लागलो. बारा होती. सहा ठेवली, मग तीन, मग एकच; चित्रं कमी झाली तसा हात सपकन बसायला लागला. पडलेल्या बाईवर मात्र चित्र थोडा वेळ थांबवलं. मारणाराही तेवढा वेळ थांबतो, स्वतःच्या हाताकडे बघत.

मावशींनी पदर तोंडाशी धरला. "हो. असंच." मग माझ्याकडे वळल्या. "तुमाले कसं माईत?"

माझी बायको तीन महिने भिवापूरला, माहेरी होती. ऑफिसात मी तिच्या आईच्या आजारपणाचं कारण सांगितलं होतं.

"बायकोले मारलं, मावशी."

"मंग रविवारी या. तुमीच सांगा, कसं मारते ते."

गेलो. जावयासमोर बसून सगळं सांगितलं. मुलीला परत धाडलं नाही. माझी बायकोही आलेली नाही, आणि ये म्हणायला माझी जीभ रेटत नाही.