बर्फावर जावई, बाकावर लेक?

आज दुपारी लेक-जावयांबरोबर लातूरला ट्रॅव्हल्सवाल्याकडं गेले होते. डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहिते. पाण्याच्या टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या गल्लीला ही सहल म्हणजे चैन वाटेल, वाटू दे.

सहल काश्मीरची, बर्फावर स्कीइंग करायची. जावई दोन-तीनदा जाऊन आलेले, लेक पहिल्यांदाच. ट्रॅव्हल्सवाला म्हणाला, "साहेब वरच्या उतारावर जातील. ताई खाली बाकावर बसून फोटो काढतील, सामान सांभाळतील."

जावई म्हणाले, "हाव, तसंच करा."

आमच्यात सासू जावयापुढं शब्द काढत नाही. आज काढला. "जावईबापू, तिला शिकवणारा लावा. अन् पहिले दोन दिवस तुम्हीबी तिच्यासंगं खालीच राहा."

"अहो आई, पडंल की ती!"

"पडू द्या. तुम्ही काय उभेच जन्मले होते?"

लेक खुदकन हसली. जावई शिकवणाऱ्याची चौकशी करू लागले.

एकदा सहस्रकुंडच्या धबधब्याला आमचे हे पाण्यात उतरले आणि मी काठावर चपला राखत बसले. आता ते नाहीत, आणि दोघं मिळून भिजल्याची एकही आठवण माझ्याकडं नाही.

बायांनो, खरं सांगा, जोडीनं फिरायला गेल्यावर तुम्ही कुठं असता?