'कावून' न विचारणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई तलवाड्याच्या आमच्या शाळेत रुजू झाल्या तेव्हा त्यांना बसायला जागा नव्हती. शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणजे नेमकं कोण, हेच आम्हा शिक्षकांना ठाऊक नव्हतं, तर जागा कुठून असणार! मुख्याध्यापकांनी खेळाच्या सामानाची खोली रिकामी करून दिली. दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागली आणि पोरांनी लगेच तिचं बारसंही उरकलं: 'येड्याची खोली'. मी तोंडाची फटकळ. तरातरा ताईंकडे गेले आणि म्हणाले, "कुणी म्हटलं ते शोधते अन् चांगली खरडपट्टी काढते." ताई हसल्या. "पाटीच अवघड आहे हो. मलासुद्धा एका दमात म्हणता येत नाही."

दुसऱ्या दिवशी पाटीवर 'बसायची खोली' असं लिहिलेलं होतं. आणि मधल्या सुट्टीत, दार सताड उघडं ठेवून, ताईंसमोर आमचे मुख्याध्यापक बसले होते. नुसतं खाकरले तरी वर्ग चिडीचूप व्हावेत, असे ते गृहस्थ! काय बोलले देव जाणे, पण अख्ख्या शाळेने सरांना तिथे बसलेलं पाहिलं. त्यानंतर त्या खोलीत जाण्यात कुणालाच कमीपणा वाटेना.

खोलीचा नियम एकच होता. तिथे 'कावून' म्हणायचं नाही. आमच्या भागात 'का'ला 'कावून' म्हणतात, आणि आम्ही शिक्षक दिवसभर दुसरं काय म्हणतो! कावून उशीर केला, कावून अभ्यास न्हाई, कावून रडतोस रं. ताई सांगत, "कावून म्हटलं की लेकरू आरोपी होतं. कारण सापडलं नाही तर बनवून देतं, आणि आपण ते खरं धरून बसतो." त्यांचा शब्द होता 'मग?'. तेवढं म्हणून त्या गप्प बसत. पोरं त्यांना 'मग मॅडम' म्हणू लागली, आणि ताईंना ते फार आवडायचं.

हे काम खोलीत बसून होतं, हा आमचा समजही त्यांनी मोडला. त्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसत, मैदानाच्या कडेला उभ्या राहत, पालकांच्या ओसरीवर चहा घेत. चाचण्या घेत, पण निकाल पाहून कुणी "म्हणजे पोरगं ढच ना?" म्हटलं की चिडत. पोराला कुठे मदत लागते ते बघायला चाचणी असते, त्याला नावं ठेवायला नाही, हे आम्ही त्यांच्याकडून स्टाफरूममध्ये चांगलं ऐकून घेतलं आहे. आपलं काम कुठे संपतं, हेही त्यांना पक्कं ठाऊक. एका मुलाला झटके येत आणि घरचे त्याला देवऋष्याकडे नेत. ताई त्यांना हसल्या नाहीत. "अंगारा लावा. पण हे माझ्या हातचं नाही, डॉक्टरांचं काम आहे. उद्या बीडला जाऊ, मी येते," म्हणाल्या आणि एसटीत त्यांच्या शेजारी बसून गेल्या.

माझी आई गेली तेव्हा येणारा प्रत्येक जण मला काहीतरी समजावून जात होता. ताई आल्या, पिठलं-भाकरी ठेवली, साचलेली भांडी घासली. निघताना एवढंच म्हणाल्या, "आईंच्या हातचं काय आवडायचं तुम्हांला?" तेव्हा कुठे मी पोटभर रडले.

पण ताईंचं मोठेपण मला कळलं ते आरतीमुळे. तिचं नाव तिला विचारूनच लिहिते आहे. ती माझ्या नववीच्या वर्गात होती, वडील मेंढपाळ, धाकटी बहीण सातवीत. हुशार पोरगी, आणि अचानक सगळ्या विषयांचे पेपर कोरे देऊ लागली. वडील येऊन सांगून गेले, "पोरीचं डोकं चालंना. पुढल्या वर्षी शाळा बंद, मेंढरांमागं नेतो." आरती ताईंकडे जाऊन बसायला लागली. काय म्हणाली, असं मी विचारलं, तर ताई म्हणाल्या, "ते तिचं आहे, बाई."

मी भडकलेच. "अहो, तिची शाळा सुटायची वेळ आली अन् तुम्ही गुपितं कसली सांभाळता!"

"जिवाला धोका असता तर गप्प बसले नसते, हे मी तिलाही आधीच सांगितलंय. पण तिला न विचारता बोलले, तर उद्या या खोलीत कोण बसेल? कुणाला सांगायचं ते तीच ठरवील."

तिने ठरवलं. आबांना बोलवा, वर्गाच्या बाईंनाही बसू द्या, आणि मॅडम, तुमी माझ्या शेजारी बसा. आबा आले, खांद्यावर घोंगडी. बसल्या बसल्या कडाडले, "कावून गं? कावून कोरा ठिवला पेपर?"

ताईंनी हात वर केला. "दादा, या खोलीत कावून चालत नाही."

ते गोंधळले. "मग?"

"हां. तेवढंच म्हणा."

आबा लेकीकडे वळले. आवाज खाली आला. "मग?"

"तुमी आईला म्हनत व्हता, एकीलाच शिकवनं व्हईल. जिचं डोकं कमी चालतं ती मेंढरांमागं. मी आयकलं. धाकटीला शाळा लई आवडती, आबा."

आबांनी घोंगडी तोंडावर ओढून घेतली. तिनेच डोळे पुसून ते म्हणाले, "दोगीबी शिका. मेंढराचं मी बगतो. पर मॅडम, धाकटीला हे कळू देऊ नका. जिवाला लावून घील." ताईंनी खटपट करून दोघींची गेवराईच्या वसतिगृहात सोय लावली, आणि एवढ्या वर्षांत या गोष्टीचं अक्षर तोंडातून काढलं नाही.

आरती आता शिक्षिका आहे, धाकटी नर्स. या गौरवग्रंथासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मी आरतीला फोन केला. ताईंसोबत काम केल्यावर न विचारता लिहायची सोय राहिलेली नाही! ती म्हणाली, "लिहा, बाई. आता तिला कळू द्या. वाचलं की फोन करून भांडंल बघा, 'कावून केलंस गं आक्का?'" आणि हळूच म्हणाली, "तेवढं एक 'कावून' मला ऐकायचंय."

ताई, साठी झाली, आता गुडघे सांभाळा, वेळेवर जेवा. तुम्हांला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. तो फोन येईल तेव्हा आरतीला तुम्ही शेजारी हव्या आहात. बोलता बोलता ती अडली, तर 'मग?' कोण म्हणणार!