दाखल्यावरची मुलगी

माझ्या लेकीच्या जन्माच्या नोंदीत मुलगा असं लिहिलेलं होतं. ते बदलायला आम्ही दोघी तालुक्याच्या कचेरीत गेलो, त्या दिवसाचं लिहिते आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. कोणाला दाखवायचं नाही, म्हणून जमेल तसं लिहिते. आधीचं सांगताना मी पोर म्हणेन. पोर म्हटलं की तो-ती करावं लागत नाही.

माझे पहिले दोन मुलगे महिन्याच्या आत गेले. तिसऱ्या खेपेला सासूबाईंनी काही ऐकलं नाही. बाराव्या दिवशी नाक टोचून सोन्याची तार घातली आणि पुढे परकर नेसवला. न्यायला येणाऱ्याला वाटावं मुलगी आहे, म्हणून. 'उठलीस काय गो? दूध प्यायलीस काय गो?' असं दिवसभर चालायचं. आमच्याकडे नवसाची अशी पुष्कळ पोरं होती. ती सगळी मोठी होऊन मुंबईला गेली आणि मिशा ठेवून गणपतीला आली. त्यामुळे सासूनं परकर नेसवला म्हणून असं झालं, हे गावातलं बोलणं मला पटत नाही. का झालं ते मला ठाऊक नाही.

पाच वर्षांनी देवीपुढे परकर उतरवला, नाकातली तार काढली. सासूबाई 'काय रे' म्हणायला लागल्या. हाक मारली की पोर मागे वळून बघायचं. दुसऱ्या कोणाला बोलावताहेत असं त्याला वाटायचं.

पुढे आमचे हे पोराला मुंबईला घेऊन गेले. हे वारले तरी पोर तिकडेच राहिलं, एका दवाखान्यात कामाला लागलं. तिथल्याच डॉक्टरांनी मोठ्या इस्पितळात पाठवलं, बाई होण्याचं ऑपरेशन झालं. मला पत्रातून कळवलं होतं. तरी मुंबईच्या गाडीतून साडी नेसून उतरलेलं बघितलं तेव्हा मी फक्त पिशवी हातात घेतली. वाडीत नुकताच पहिला टीव्ही आला होता. सगळी त्या घरी बसलेली, म्हणून वाटेत कोणी भेटलं नाही. घरी येऊन मी भात टाकला. रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

तेव्हापासून मी हाक मारणंच सोडलं. रे म्हणवेना, गो म्हणवेना. 'जेवायला ये', 'दिवा लाव', एवढ्यावर भागतं.

दवाखान्यात आयाची जागा कायम होणार होती. तिथे कागद मागितले. शाळेच्या दाखल्यावर मुलगा, रेशनकार्डावर मुलगा. आधी जन्माची नोंद बदलून आणा, मग बाकीचं बघू, नाहीतर जागा दुसरीला देऊ, असं सांगितलं होतं.

कचेरीतल्या कारकुनांनी डॉक्टरांचं पत्र वाचलं. वाचता वाचता त्यांचे कान लाल झाले. मग ते माझ्याकडे बघून बोलायला लागले.

"बाई, ऑपरेशन झालं म्हणून नोंद बदलायची आमच्याकडे सोय नाही. आधीची चूक असेल तर दुरुस्त होते. चूक झाली होती का?"

मला पुरुषांपुढे बोलता येत नाही. मी खाली बघितलं.

ते बराच वेळ पोराच्या नाकातल्या चमकीकडे बघत राहिले. "हे लहानपणी टोचलेलं?"

मी मान हलवली. भोक बुजलं होतं, मुंबईत परत टोचून घेतलं होतं. पण ते सांगायला मला जमलं नाही.

"आधीचे मुलगे गेलेले?"

परत मान हलवली.

दारातला शिपाई म्हणाला, "या साहेबांचं पण नाक टोचलंय. परकरातला फोटो आहे घरी, काय देखणे दिसतात!"

"गप रे!" कारकून म्हणाले, पण हसले. त्यांच्या नाकपुडीवर बारीक खळी होती. "आता ऐका बाई. गावचा कोतवाल महिन्या-दोन महिन्यांनी जन्माच्या नोंदी घ्यायला यायचा. त्याने काय बघितलं? घरात दोन मुलगे गेलेले, आणि पाळण्यात नाक टोचलेलं पोर. घरचे सांगतात मुलगी. तो म्हणाला, मला फसवता काय, हा तर नवसाचा मुलगा! आणि लावला मुलगा. असंच झालं ना?"

असं झालं नव्हतं. पण आमच्या भागात अगदी असंच होऊ शकलं असतं.

"मान हलवून चालायचं नाही. आईच्या तोंडून पाहिजे. काय झालं होतं तुम्हाला?"

तेवढ्यात माझ्या कानाशी येऊन पोर म्हणालं, "आये, सांगवत नसेल तर नको सांगूस. मी दुसरं काम बघीन."

टेबलाच्या कडेला तिचा हात होता. फिनाईलने बोटं फाटलेली, नखांजवळ भेगा पडलेल्या. घरी आल्यापासून माझी भांडी तीच घासत होती, आणि मला ती बोटं दिसली नव्हती.

"मुलगी," मी म्हणाले.

"जरा मोठ्याने."

"मुलगी झाली होती."

कारकुनांनी माझा जबाब लिहिला आणि अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली. मी सही केली. मग त्यांनी जुनी वही उघडून लाल शाईने लिहिलं. मला वाटलं होतं, आधीचं खोडतील. ते म्हणाले, खोडता येत नाही, बाजूला लिहितात. मी वाकून वाचलं. मुलगा तसाच होता, त्याच्या बाजूला लाल अक्षरात मुलगी. दाखला मोठ्या साहेबांची सही होऊन संध्याकाळच्या आत मिळाला. ती तो पुन्हा पुन्हा वाचत होती. मी स्टँडवर गाडीची पाटी बघत होते.

गाडीत ती खिडकीशी बसली, मी मधे. माझ्या पलीकडे काजूच्या कामावरून परतणारी एक बाई होती. हाताला चिकाचे काळे डाग.

"लेक काय गो तुझी?"

"हो."

"आणि मुलगे?"

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारलेला आहे. तीन झाले, एक जगला, असं मी सांगायचे. तोंडाला तेच वळण होतं. या वेळी समोर वही नव्हती, सही नव्हती, काही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"दोन झाले," मी म्हणाले. "दोन्ही गेले."

बाई चुकचुकली. म्हणाली, लेक तरी आहे. मी हो म्हटलं. आत काही हललं का, ते मी बघत होते. काही हललं नाही. गाडी घाटाला लागली. लाल धूळ आत यायला लागली.

"खिडकी लाव गो," मी म्हणाले.

तिने मागे वळून बघितलं नाही. लगेच हात वर करून काच ओढली. काच अर्ध्यावर अडकली, तेव्हा दोन्ही हातांनी ओढत राहिली.