हिरोकोसानचा दुमजली डबा

गेल्या वर्षी एप्रिल ते जुलै असे चार महिने मी दिवसाआड पहाटे पाचला उठून गाजराची फुलं कापत होतो. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे. अमेरिकेतल्या नोव्हाय गावी एका कंपनीत गाड्यांच्या सीटखालच्या स्प्रिंगा डिझाइन करतो, आणि त्याआधी उभ्या आयुष्यात मी गाजर नुसतं सोललंही नव्हतं.

या सगळ्याचं मूळ आमच्या फ्रीजमधल्या दह्याच्या डब्यांत आहे. अमेरिकेतल्या मराठी घरात दह्याच्या डब्यात दही सोडून बाकी सगळं असतं, हे तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे एकसारखे सात पांढरे डबे एकावर एक रचलेले असतात आणि कशात काय आहे हे फक्त माझ्या बायकोला, मुग्धाला, माहीत असतं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, सहालाच घर सोडते. त्या सोमवारी मी भाजीचा म्हणून अंदाजाने एक डबा उचलला. एरवी मी माझ्या टेबलापाशीच काम करता करता जेवतो, पण त्या दिवशी आमच्या बाजूचं कार्पेट धूत होते म्हणून लंचरूममध्ये गेलो. चारचौघांत ऐटीत झाकण काढलं, तर आत डोशाचं पीठ. छान आंबलेलं. माझ्यादेखत त्याने एक बुडबुडा सोडला.

समोर हिरोकोसान बसल्या होत्या. (सान म्हणजे आपलं राव किंवा बाई.) साठीला टेकलेल्या, जपानहून आलेल्या, आमच्या क्वालिटीच्या प्रमुख. माझी स्प्रिंग केसभर चुकली तरी त्या ओरडत नाहीत, नुसतं "हं" म्हणतात, आणि मी ती निमूटपणे पहिल्यापासून काढायला घेतो. त्यांनी माझ्या पिठाकडे पाहिलं, म्हणाल्या, "हं." मग स्वतःच्या दुमजली डब्याचा खालचा मजला स्वतःकडे ठेवून वरचा माझ्यापुढे सरकवला.

काय सांगू तुम्हाला! बाहेरून काळा, आतून लाल, असा तुकतुकीत लाकडी डबा, झाकणावर पुसट सोनेरी बगळा. आत पांढऱ्याशुभ्र भाताच्या मधोमध एक लाल आंबट फळ. शेजारी अंड्याची गुंडाळी, तिचे थर मी मोजले, सात होते, सगळे एका जाडीचे. काकडीचा पंखा, गाजराची पाच पाकळ्यांची फुलं, आणि कशाचा ओघळ कशात गेलेला नाही! आमच्या डब्यात आमटी पोळीला भेटते, पोळी लोणच्याला भेटते, दुपारपर्यंत सगळं गोत एक झालेलं असतं. मी बघतच राहिलो. खाताना तर मला चक्क अपराध्यासारखं वाटलं. मी संपवेपर्यंत त्यांना मीटिंगचं बोलावणं आलं, त्यांनी खालचा मजलाही रिकामा करून माझ्यापाशीच ठेवला आणि त्या धावत गेल्या. असा तो डबा माझ्या घरी आला.

संध्याकाळी मिरजेहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मागे ओट्यावर धुऊन पालथा घातलेला डबा तिला दिसलाच. कुणाचा, कशासाठी, सगळं विचारून झाल्यावर ती म्हणाली, "मिलिंद, रिकामा परत देऊ नकोस हं."

या बाबतीत आईचा एक जुना घाव आहे. मी सात-आठ वर्षांचा असताना वरच्या मजल्यावरच्या सुमनकाकूंनी, आमच्याकडून डबे रिकामे परत येतात असं म्हणून, आईशी सहा महिने अबोला धरला होता. "आणि मी एकदासुद्धा रिकामा डबा धाडला नव्हता रे," हे आई आजही सांगते, आणि सांगताना तिचा आवाज अजून बदलतो. त्यामुळे वाद घालायची सोयच नव्हती. मुग्धाकडे आशेने पाहिलं, तर ती म्हणाली, "तुझा डबा, तू बघ."

मी पोहे केले. जमले तसे केले, वर खोबरं-कोथिंबीर घातली. हिरोकोसाननी डबा दोन्ही हातांनी घेतला, कमरेत वाकल्या, आणि माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. दुसऱ्या दिवशी पोह्यांचे आभार म्हणून त्यांनी तोच डबा भरून आणला. या वेळी भातावर मुळ्याच्या गुलाबी पाकळ्या पडलेल्या, झाडाखाली पडतात तशा. डबा परत माझ्याकडे, आणि तो रिकामा देता येईना. एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल काय होणार ते. माझ्या आलं नाही.

त्यात माझा अहंकार जागा झाला. हिरोकोसान एवढ्या तन्मयतेने करतात आणि आपण काय, पोहे? मी इंटरनेटवर बेंटो, म्हणजे जपानी पद्धतीचा सजवलेला डबा, शिकायला बसलो. पहिल्या दोन आठवड्यांत आमच्या घरची सगळी हत्यारं बाहेर निघाली. भाताला आकार द्यायला मोदकाचा साचा, बटाट्याच्या शेवया पाडायला सोऱ्या, गाजराला नक्षीची कड आणायला शंकरपाळ्यांची कातणी. मुग्धा म्हणाली, दिवाळीला हाका मारून घसा बसतो तेव्हा हा माणूस सोऱ्याला हात लावत नाही. ते खरंच आहे, पण दिवाळीला समोर हिरोकोसान नसतात.

माझा कळस म्हणजे भाताचा पांडा. कान ऑलिव्हचे, डोळे मिऱ्यांचे. तीन वेळा मोडून चौथ्यांदा उभा राहिला तेव्हा मी दहा वर्षांच्या माझ्या लेकीला, इराला, झोपेतून उठवून दाखवला. तिने एक डोळा उघडून नीट बघितलं आणि म्हणाली, "बाबा, आय थिंक ही नीड्स अ डॉक्टर." तरी मी तो नेला. हिरोकोसाननी झाकण उघडलं, बराच वेळ पाहिलं, म्हणाल्या, "हं." आणि दुसऱ्या दिवशी काकडीच्या सालीचं मोरपीस आणलं. शपथ घेऊन सांगतो, त्याला डोळाही होता, जांभळ्या कोबीचा! ते मी खाल्लंच नाही, नुसता बघत बसलो. या बाईला देवाने कुठल्या बोटांनी जन्माला घातलंय, असं मनात आलं आणि भरून आलं. स्प्रिंगा मात्र त्या चार महिन्यांत माझ्या तीनदा परत आल्या.

जुलैत कळलं की हिरोकोसान कायमच्या जपानला परत चालल्या आहेत. शनिवारी अकरा वाजता तळ्याकाठच्या पार्कमध्ये निरोपाची पिकनिक ठरली. बुधवारी त्या माझ्या टेबलापाशी आल्या, नेहमीसारखा भरलेला डबा ठेवला आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"मिलिंदसान, हा डबा माझ्या आईचा आहे," त्या इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या. "आई आता नाही. तो मला बरोबर न्यायचा आहे. शनिवारी आणाल? रिकामा दिलात तरी चालेल."

 आईचा डबा! आणि मी त्यात एकदा कटाची आमटी दिली होती. रिकामा चालेल हे त्यांनी नुसतं सौजन्याने म्हटलं, असं मी धरलं आणि ठरवलं की शेवटचा बेंटो असा करायचा की त्यांनी जपानमध्ये नाव काढावं. गुरुवार-शुक्रवार मी साध्या ताटलीत तालीम केली. बगळा करायचा होता, झाकणावरचा.

शनिवारी सकाळी आठला बगळा उभा राहिला. पांडाला लाज वाटावी असा. त्याला डब्यात उतरवायला वळलो, तर डबा नाही! ओट्यावर नाही, कपाटात नाही. मुग्धा शांतपणे म्हणाली, "तो होय? गुरुवारी शैलामावशींकडे त्यातून सांबार-भात पाठवला. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना. आणि दह्याच्या डब्यातून काय पाठवायचं आजाऱ्याच्या घरी? हा चांगला दिसत होता."

मी जे काही बोललो ते इथे लिहीत नाही. शैलामावशी आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. मी चपला घालून तसाच पळालो.

"डबा ना? आहे की," मावशी म्हणाल्या. "ओव्हनमध्ये ठेवलाय."

लाकडी डबा, ओव्हनमध्ये! पण घाबरायचं कारण नव्हतं. आपल्या लोकांकडे ओव्हन हे कढया-पातेल्यांचं कपाट असतं, आणि मावशींनी तो अकरा वर्षांत एकदाही लावलेला नव्हता. दोन्ही मजले, झाकण, बगळा, सगळं सुखरूप. मी हात पुढे केला. मावशींनी डबा छातीशी धरला.

"रिकामा नेणार?"

मी सगळं सांगितलं. जपान, विमान, वारलेली आई, अकराची पिकनिक. घरी बगळा तयार आहे हेही सांगितलं. मावशींचे डोळे पाणावले. "अरे देवा, आईचा डबा का तो," त्या म्हणाल्या, "मग तर रिकामा मुळीच नाही द्यायची." पुरण शिजलंच आहे, वाटून दोन पोळ्या लाटायच्या तेवढ्या, अर्धा तास, बस. मी काकांकडे पाहिलं. ते खुर्चीवर पाय ठेवून बसले होते. म्हणाले, "बस रे बाबा. माझं चाळीस वर्षांत ऐकलं नाही, तुझं काय ऐकणार."

मिक्सरमध्ये पुरण तसं होत नाही म्हणे. म्हणून पुरणयंत्र मी फिरवलं. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. पण खोटं कशाला बोलू, मावशींना पोळी लाटताना बघितलं आणि मी घड्याळ विसरलो. सत्तरीच्या बाईच्या हाताखाली ती पोळी आपली आपण फिरत होती, पुरण कडेपर्यंत गेलं तरी कुठे फुटत नव्हतं, आणि त्या एकीकडे माझ्याशी बोलत होत्या! माझ्या सगळ्या साच्या-कातण्यांची मला लाज वाटली. मावशींनी पोळ्यांच्या चौघड्या करून दोन्ही मजले भरले, कोपऱ्यात तुपाची वाटी बसवली, आणि पावणेअकराला मला सोडलं. बगळा घरीच राहिला.

पार्कमध्ये मी हिरोकोसानना डबा दिला तेव्हा माझ्या शर्टावर पुरण होतं. त्यांनी उघडला. नक्षी नाही, फूल नाही, पांडा नाही. नुसत्या पिवळ्या घड्या आणि जायफळाचा वास. त्यांनी एक घडी तुपात बुडवून खाल्ली. मग दुसरी. "हं" म्हणाल्या नाहीत. डोळे पुसले आणि म्हणाल्या की लहानपणी हा डबा शेजारी जायचा तेव्हा तोही कधी रिकामा परत यायचा नाही.

"तुमच्याकडेही?" मी म्हणालो. "काय असायचं त्यात?"

"काडेपेटी."

"नुसती काडेपेटी?"

"नुसती. नाहीतर कोरा कागद घडी करून. रिकामा नको, एवढंच." त्यांनी बोटांवरचं तूप पुसलं. "पण तुम्ही पोहे दिलेत. मग पांडा दिलात. मला वाटलं, तुमच्या देशात फार कडक रीत असेल. मी बेंटो फक्त सोमवारी आणायचे, मिलिंदसान. बाकी दिवस सँडविच. चार महिने मी दिवसाआड साडेचारला उठतेय."

मी त्यांना सांगितलं की मी पाचला उठत होतो. त्या इतक्या हसल्या की त्यांना बाकावर बसावं लागलं. आमच्या आख्ख्या क्वालिटी विभागाने त्यांना तसं कधी हसताना पाहिलं नव्हतं. जाताना त्यांनी तो डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, मावशींनी धरला होता अगदी तस्सा.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "अरे, चिमूटभर साखर घालायची असते डब्यात. झालं. बेंटो करायला तुला कुणी सांगितलं होतं?"

मी म्हणालो, मला काय माहीत!

"माहीत नसायला काय झालं? सुमनकाकूंकडे डबे पोचवायला तूच जायचास. दर वेळी मी तुझ्यादेखत साखर घालत होते."

 मला जिन्याचं ते वळण आठवलं, जिथे खालून आई दिसत नाही आणि वरून सुमनकाकू दिसत नाहीत. तिथे बसून उघडलेला डबा आठवला, आणि ओलं करून साखरेत बुडवलेलं बोट.

"मिलिंद," आई फोनवर हळूच म्हणाली, "तू खायचास?"

सुमनकाकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, अजून वरच्याच मजल्यावर राहतात. या डिसेंबरात आम्ही मिरजेला जातोय. सामान खोलीत ठेवायच्या आधी मी साखरेचा डबा घेऊन वर जायचं आहे, असा हुकूम झाला आहे. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, माझ्या हाताखाली नऊ इंजिनियर आहेत, आणि मी डबा घेऊन वर जात असताना माझी आई जिन्याच्या वळणावर उभी राहून बघणार आहे.